बोलण्याचं जंगी मैदान

पहिल्या वर्षी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला श्रोते किती? परीक्षक धरून दहाबारा, आणि त्यातला एक शिपाई, तोही दिवे मालवायला थांबलेला. श्यामला पहिली आली. टाळ्या मात्र अशा वाजल्या, की कुणीतरी सतरंजी झटकतंय असं वाटावं. बक्षीस देताना प्राचार्य इनामदार सर म्हणाले, "पुढच्या वर्षी खुर्च्या भरल्या तर ठीक. नाहीतर स्पर्धा बंद."

बोलायला श्यामलाला दुसरी जागा कुठं होती? घरी तोंड उघडलं की माई म्हणायची, "हळू गं, शेजारी ऐकतील." आणि तिला तर तेच हवं होतं. शेजाऱ्यांनी ऐकावं, पेठेनं ऐकावं, अख्ख्या कोल्हापुरानं ऐकावं!

वर्ष सरत आलं तशी ती आकारामला गाठून म्हणाली, "काहीतरी कर बाबा." आकाराम नेसरीचा, वसतिगृहात राहणारा, स्पर्धेत तिच्या मागोमाग दुसरा आलेला.

"ह्या गावात माणसं फकस्त एका गोष्टीला गोळा हुत्यात," तो म्हणाला. "कुस्तीला."

श्यामलानं त्याच्याकडं बघितलं. मग दोघंही हसले.

तिसऱ्या दिवशी तालमी-तालमींच्या भिंतींवर पत्रकं चिकटली: 'जंगी मैदान! निकाली जोड! श्या. वि. कानिटकर, कोल्हापूर, विरुद्ध आकाराम पाटील, नेसरी. मैदान कॉलेजच्या सभागृहात.' आणि अगदी तळाला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, 'वक्तृत्वाचे'.

सभागृह ओसंडून गेलं. फेटे आले, पटके आले, एकजण हलगी घेऊन आला. दारात उभ्या इनामदार सरांना कुणीतरी बाजूला सारलं, "सरा की पावणं, जागा आडवू नगासा!"

श्यामला मंचावर आली. पातळाचा पदर खोचलेला.

"आरं, ह्यो कानिटकर पैलवान कुठं हाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मीच," श्यामला म्हणाली.

असा गलका उठला, की खिडकीतले पारवे उडाले. पुढच्या रांगेतले गुंडू वस्ताद काठी टेकत उठले. "पोरी, आमी कुस्ती बगाय आलोय. फशिवलंस व्हय?"

आता सगळं ह्या एका उत्तरावर होतं. श्यामलानं हात जोडले. "कुस्तीच हाय की, वस्ताद. निस्ती माती न्हाय. तुमीच पंच व्हा. ज्याला जवाब सुचंना, त्यो पडला."

पंच म्हटल्यावर वस्तादांच्या मिशा हलल्या. ते मंचावर चढले. परीक्षकांनी आपले गुणांचे कागद गोळा केले आणि गपचूप खुर्च्या मागं ओढल्या.

विषय होता 'खेडं बरं की शहर?' चिठ्ठ्या मात्र उलट्या निघाल्या. पेठेतल्या श्यामलाला खेडं आलं, नेसरीच्या आकारामला शहर.

"खेडं एवढं ग्वाड," आकारामनं शड्डू ठोकला, "तर ही समदी मंडळी हितं कशाला आल्यात?"

हलगी कडाडली. श्यामलानं गंगावेशीकडं हात केला. तिथं सकाळी म्हैस दारात उभी करून पेल्यात धार काढून देतात, हे कुणाला सांगायला नको. तिनं ओवी उचलली:

"शहरबाई शहाणी, दूध पेल्यानं मोजती,
म्हैस हंबरून इचारी, माझी वैरण कोण कापती?"

"वा गं वाघिणी!" मागून कुणी ओरडलं.

"वैरण शेरात आणून इकत्यात," आकाराम म्हणाला. "पैका शेरातच हाय!"

"शहर एवढं आवडतं," श्यामला गोड आवाजात म्हणाली, "तर दर सुटीला धुण्याचं बोचकं घेऊन नेसरीची एस.टी. का धरतोस रे? धुवायला आई तिकडंच राहिली म्हणून?"

आकारामनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं, आणि त्यालाच हसू फुटलं.

"पडला!" वस्तादांनी काठी आपटली. फेटे उडाले. आणि गर्दीत एका खुर्चीवर उभं राहून, टाय खांद्यावर टाकून, जिवाच्या आकांतानं "पडला! पडला!" ओरडणारे गृहस्थ इनामदार सर होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना बोलावलं. घसा पार बसलेला.

"लोकांना फसवलंत," ते कसेबसे म्हणाले.

"होय सर."

"पुढच्या वर्षी सभागृह पुरायचं नाही. पटांगणात घ्या."

श्यामलाचा जीव भांड्यात पडला. "आणि पत्रकावर काय छापायचं सर?"

"ते मला कशाला विचारतेस? छापून आल्यावर रागवायचं, एवढंच माझं काम."

सर मग दर वर्षी नेमानं रागावले. जितके रागावले तितकी गर्दी वाढली. आधी सांगलीची पोरं आली, मग साताऱ्याची, मग बेळगावची; पाठ केलेली भाषणं हलगीच्या पहिल्या ठोक्याला विसरली आणि चक्क बोलायला लागली. श्यामला तिथंच शिकवायला लागली, तरी पत्रकाचा मजकूर तिचाच. आणि निवृत्त होताना, नव्या प्राचार्यांच्या हाती किल्ल्या देऊन, इनामदार सर त्यांच्या कानाशी वाकले.

"बाकी काही सांभाळा, न सांभाळा. पण ते पत्रक छापायच्या आधी वाचू नका."