गाडीच्या तळावरचा हात

कोबेच्या नागाता भागातल्या बुटांच्या कारखान्यात मिनेको आणि मी एकवीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. ती बुटांच्या तळव्यांना सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावायची, मी तळवे दाबून बसवायची. सोल्यूशनचा थर नुसता बघून तो कोणत्या बाईने लावलाय, हे मिनेको सांगू शकायची. ही विद्या पुढे तिलाच महागात पडली.

त्रेपन्नाव्या वर्षी तिने तोकुजी-सानशी लग्न केलं. तिचं पहिलंच, त्याचं दुसरं. तो जहाजदुरुस्तीतून निवृत्त झालेला, शांत, अदबीने बोलणारा माणूस. त्याची पहिली बायको इकुयो सात वर्षांपूर्वी वारली होती. मिनेकोला घरात काही कमी नव्हतं. तो तिला 'मिनेको-सान' म्हणायचा, अहो-जाहो करायचा, आमटी खारट झाली तरी दोन वाट्या प्यायचा. पहिल्या बायकोबद्दल बोलताना मात्र नुसतं 'इकुयो' म्हणायचा. "इकुयो म्हणजे कटकट होती नुसती," असं म्हणून हसायचा. त्या हसण्यातली जवळीक मिनेकोला टोचायची.

घराखालच्या गॅरेजमध्ये त्याची जुनी गाडी होती. दोन दारांची, सायीच्या रंगाची, पंचावन्न वर्षांची. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा त्याने ती आतून नवी करायला काढली. आसनं बाहेर काढली, गालिचा उपटला. गालिचा आला, पण त्याखालचा तागाचा लगदा आणि सोल्यूशन पत्र्यालाच चिकटून राहिलं. गुळासारखं तपकिरी, दगडासारखं कडक.

"हे तुमच्या हातचं काम आहे, मिनेको-सान," तो म्हणाला. "फक्त एक करा. खालचा रंग कारखान्यातला मूळचा आहे. गरम हवेने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा, उरलेलं रॉकेलच्या फडक्याने पुसा. थिनर नको."

"गालिचा कोणी बसवला होता?"

"इकुयोने. कोणालाही हात लावू दिला नाही."

मिनेको गुडघ्यांवर बसून आत वाकली आणि तिला ते दिसलं. काम चांगलं होतं. कोपऱ्यात लोक हात आखडता घेतात, तिथे या बाईने दोनदा ब्रश फिरवला होता. कुठे गाठ नाही, कुठे कोरडं नाही. वाईट असतं तर तिला किती बरं वाटलं असतं.

"डावखुऱ्या होत्या का त्या?" तिने विचारलं. ब्रशचे फटकारे उलटे होते.

तोकुजी-सानचा चेहरा उजळला. "हो! तुम्हाला कसं कळलं?" मग तो अर्धा तास इकुयोबद्दल बोलत बसला. डाव्या हाताने ती मासे कशी साफ करायची, कात्री सापडली नाही की कशी चिडायची. मिनेको पट्टी चालवत ऐकत राहिली. "माझ्याच हाताने मी तो दिवा लावला," ती मला नंतर म्हणाली.

चार दिवस ती रोज सकाळी खाली उतरायची. गरम हवा धरली की सोल्यूशन चिक्कीसारखं लवचिक व्हायचं, आणि ती खालून पट्टी घालून सालपट उचलायची. सालपट सलग निघालं की तिला बरं वाटायचं. त्या बाईला घरातून वीतवीतभर बाहेर काढतोय, असं.

पाचव्या दिवशी चालवणाऱ्याच्या आसनाच्या जागी लगद्याचा पापुद्रा निघाला आणि खाली हात दिसला. डावा हात. पाच बोटं, तळवा, अंगठ्याखालची रेघसुद्धा. ओल्या सोल्यूशनवर टेकलेला आणि तसाच वाळलेला. मिनेकोने आपला हात त्यावर ठेवून पाहिला. इकुयोची बोटं लांब होती.

तोकुजी-सान मागून वाकून बघत होता. तो म्हणाला, "मी वर जाऊन कॅमेरा शोधतो."

तो वर गेला. मिनेकोने गरम हवेची नळी उचलली. अर्ध्या मिनिटात बोटांच्या कडा वितळल्या, तळवा सपाट झाला, आणि तिने पट्टी घातली.

तो खाली आला तेव्हा तिथे नुसता डागाळलेला पत्रा होता.

"इथला थर काढलात?"

"काढायचाच होता ना?"

"तो हात..."

"कोणता हात?" ती म्हणाली.

त्याने कॅमेरा खिशात ठेवला. "चहा घेणार का?" त्याने विचारलं.

त्यानंतरचे दोन दिवस तो आणखीच अदबीने वागला. तिची ताटली उचलायचा, आंघोळीचं पाणी आधी तिला द्यायचा. त्याने रागाचा एक शब्द तरी बोलावा म्हणून मिनेको वाट बघत होती, आणि तो बोलत नव्हता. त्या जागेवर अजून एक पिवळट डाग होता. रॉकेलने जाईना. तिसऱ्या दिवशी तिने फडताळातला थिनरचा डबा काढला आणि फडकं भिजवून घासलं. डाग गेला. त्याबरोबर रंगही गेला. पंचावन्न वर्षांचा रंग फडक्यावर आला आणि बशीएवढा पत्रा उघडा पडला.

वास वर गेला असावा. तोकुजी-सान धडाधड जिना उतरून आला.

"थिनर? थिनर लावलंस तू?" तो ओरडला. "शंभर वेळा सांगितलं तुला! डोकं गहाण ठेवलंयस का?"

चार वर्षांत तो पहिल्यांदा तिला 'तू' म्हणाला. मिनेको गुडघ्यांवरच होती, हातात ते फडकं. "तुमच्या इकुयोचा हात मी मुद्दाम पुसला," ती म्हणाली.

"माहीत आहे मला! कोणता हात म्हणून विचारतेस, मी काय आंधळा आहे?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तो पायरीवर बसला. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "तो हात काही प्रेमाने ठेवलेला नव्हता. मी म्हणालो सोल्यूशन जास्त झालंय. तिने रागाने हात आपटला, म्हणाली, मग तूच लाव. दोन दिवस बोलली नाही. मग उरलेलं तिनेच पुरं केलं."

आणि मिनेकोला त्या भांडणाचाही हेवा वाटला. "माझ्याशी एकदा तरी भांडलात का? मी काय पाहुणी आहे या घरात?"

"ती गेली त्या सकाळी आम्ही भांडलो होतो," तोकुजी-सान म्हणाला. "छत्रीवरून. मी म्हटलं, जा भिजत. ती बाजारात कोसळली, मेंदूत रक्तस्राव. मला फोन आला तेव्हा मी अजून रागातच होतो. त्यानंतर कोणावर आवाज चढवायचा म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. आत्ताही पडलेत. बघ."

तिने त्याचे हात धरून बघितले. खरंच गार होते. तिच्या हातांना थिनरचा वास येत होता, तरी त्याने ते सोडवले नाहीत. "मी खोटं बोलले. चुकलं माझं," ती म्हणाली. तो म्हणाला, "चुकलंच." ते 'चुकलंच' ऐकून तिला रडू आलं.

उघड्या पत्र्यावर तोकुजी-सानने अस्तर मारून रंग जुळवला. जुळला नाही. नीट बघितलं तर ठिगळ दिसतं. नवा गालिचा मिनेकोने बसवला. गालिच्याच्या रंगावरून दोघांचं वाजलं, त्याला करडा हवा होता, तिला लालसर. शेवटी लालसर बसला.

मागच्या आठवड्यात ती दोघं त्या गाडीतून माझ्याकडे जेवायला आली. तोकुजी-सान बाहेर गाडी लावत होता तेव्हा मी तिला विचारलं, "गेला का गं हेवा?"

तिने चपला काढल्या, नीट वळवून ठेवल्या. "नाही," ती म्हणाली. "काल त्याला कात्री सापडत नव्हती, तर इकुयोचं नाव निघालं. मला लागलं. मी तसं सांगितलं त्याला."

"मग?"

"मग म्हणाला, लागू दे. आणि कात्री शोधायला लावली मला."