मोबाईल धरायला कोणीतरी

"अहो, बसा आधी! मला नुसती तुमच्या सदऱ्याची गुंडी दिसतेय."

मोबाईलमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की आपण हात मागे बांधून उभे आहोत. तुरुंगात याच बाई पडद्यावर आल्या की कैद्याने उभे राहायचे, असा शिरस्ता होता. सुटून हिवाळा उलटला. शरीराला मात्र सुटकेचा हुकूम अजून पोचला नव्हता.

तो ओशाळून खाली बसला. भोवती बैठक नसलेल्या खुर्च्या उभ्या होत्या. वेत विणायची कला त्याने आतच उचलली होती. भावाच्या घरामागल्या या पत्र्याच्या खोलीत तीच काय ती त्याची सोबत.

"हं, आता दिसलात. पाय कसा आहे?"

"दुखत नाही, बाई."

"तेच तर वाईट. साखरेनं तुमच्या पायाची जाणीवच गेलीय. दाखवा बघू."

वेताची एक काडी टाचेत घुसली होती. त्याला कळले ते फरशीवर डाग दिसल्यावर. त्याने मोबाईल खुर्चीला टेकवून पाय उचलला. मोबाईल घसरला. डब्याला टेकवला, तर पडद्यावर नुसते छत आले. हातात धरून पाय वळवावा, तर गुडघा ऐकेना.

"कडेला काळं दिसतंय. का सावली आहे? नीट दिसायला हवं हो. काळं असेल तर उद्याच यावं लागेल, नाहीतर पाय गमावून बसाल. तिथं शिपाई धरायचा ना मोबाईल?"

"धरायचा. शिव्या देत धरायचा."

"मग इथं शिव्या द्यायलाही कोणी नाही?"

बाई हसल्या. तोही हसला, पण हसू ओठांतच अडखळले. तो शिपाई नाकाला रुमाल लावी, 'तुझ्या टाचेचा फोटोग्राफर झालो रे मी' म्हणे, पण धरी.

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. भाऊ घरातच होता. त्याने खोली दिली होती, दिवा दिला होता, भावजय दोन्ही वेळा उंबऱ्याशी ताट ठेवून जाई. भांडण नव्हते, बोलणेही नव्हते. याहून अधिक काही मागायचे नाही, असे त्याने आल्या दिवशीच ठरवले होते. आता पायासाठी ते मोडायचे का? पाय आणि स्वतःशी केलेला पण यांत मोठे काय, हे त्याला कितीतरी वेळ ठरवता येईना.

"आहात ना?" बाईंनी विचारले.

"धाकट्या!" त्याने हाक मारली. लहानपणीची हाक, गंजल्या कडीसारखी कुरकुरत बाहेर पडली.

भाऊ उंबऱ्यात आला. हात ओले होते.

"काय?"

"मोबाईल जरा धरतोस? टाच दाखवायचीय."

भावाने विजारीला हात पुसले, मोबाईल घेतला, पडदा टाचेकडे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"कोणी धरलाय? खाली घ्या. अजून खाली. अहो, खुर्चीचा पाय नको, माणसाचा पाहिजे!"

आता बघण्यावाचून गत्यंतर नव्हते. भाऊ उकिडवा बसला. त्याने टाचेकडे पाहिले.

"हे कधी झालं?"

सुटून आल्यापासून भावाने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काळंच आहे," बाई म्हणाल्या. "पण कडेपुरतं. वेळेत दिसलं. उद्या सकाळी दवाखान्यात या. सोबत कोण येईल?"

"मी जाईन एकटा," तो घाईने म्हणाला.

"त्याला बस कळायची नाही," भाऊ मोबाईलच्या पाठीकडे बघत बोलला. "सगळे रस्ते बदललेत आता."

"बरं, मग उद्या," म्हणून बाई गेल्या. पडदा काळा झाला.

हे त्यालाच दिसले. मोबाईलची पाठ भावाकडे होती. भाऊ तसाच उकिडवा, दोन्ही हातांनी मोबाईल घट्ट धरून, डोळे टाचेवर लावून बसला होता. कोणी 'जरा वर' किंवा 'जरा खाली' म्हणेल, याची वाट बघत.

झाले, असे सांगायला हवे होते. गुडघा ठणकू लागला होता.

त्याने पाय खाली घेतला नाही.