खडा गरम असतानाच उचलायचा

दोन हजार सोळा साल. माझा धाकटा भाचा जाऊन अकरा दिवस झाले होते. त्याची बायको मागच्या खोलीत बसलेली. नवरा गेलेल्या बाईने वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत.

ही धाकटी सून प्रयोगशाळेत स्फटिक वाढवायची. सीझियम, शिसं आणि ब्रोमिनचे नारिंगी खडे. जांभळ्या दिव्याखाली धरले की हिरवे उजळत. "हिला अंगठीतला खडा नको, भांड्यातला हवा," असं भाचा सांगत हिंडायचा. साखरेचा पाक निवला की त्यात खडे धरतात. यांचं उलटं. द्रावण रोज थोडं थोडं तापवत न्यायचं, तसा खडा वाढतो. गार होऊ दिलं की वाढलेला खडा पुन्हा विरघळतो.

त्या सकाळी तिच्या सरांचा फोन आला. दुपारी बाराला इमारतीची वीज दुरुस्तीसाठी जाणार होती. पाचदा फसून सहाव्यांदा जमलेला, तीन आठवड्यांचा खडा त्याआधीच काढायला हवा होता. आदल्या आठवड्यात सरांनी शेजारच्या भांड्यातला दुसरा एक काढायला घेतला, तोही थंड चिमट्याने. त्या खड्याला तडा गेला. हाही गेला तर तपासायला काही उरणार नव्हतं, आणि तिची नेमणूक महिनाअखेर संपत होती.

ती कामाचे कपडे घालून बाहेर आली. थोरल्या भाच्याने चपलांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"नवऱ्यापेक्षा खडा प्यारा झाला का गं?" वहिनीने, म्हणजे तिच्या सासूने विचारलं.

"रडू मला तिथेही येईल, आई. पण इथे बसून तो खडा निघणार नाही."

वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "नवरा गेल्यावर या वन्सं इथे माहेरी बसल्याच ना वर्षभर? काय बिघडलं त्यांचं?"

बेचाळीस वर्षं मी गप्प होते. म्हणाले, "बिघडलं. मी शाळेत शिकवत होते. वर्षाने बाहेर आले, तर माझ्या वर्गावर दुसरी बाई होती. तेव्हापासून तुझ्या घरात भाज्या निवडतेय."

माझ्या चपला दाराबाहेर होत्या. त्या तिच्यापुढे सरकवल्या. तिला एक माप मोठ्या झाल्या.

थोरला दारात आडवा. "लोकांना काय सांगू?"

"कामावर गेलीय म्हणून सांगा, भाऊजी."

ती चालतच राहिली, तेव्हा त्यालाच बाजूला व्हावं लागलं.

प्रयोगशाळेत बाराच्या आत, चिमटा आणि टिपकागद आधी तापवून तिने खडा उचलला. नखाएवढा, आरपार स्वच्छ. संध्याकाळी वहिनीने तिचं ताट वाढलं नाही. तिने स्वतः वाढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

आज ती दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा चालवते. वहिनी शेवटपर्यंत तिच्याशी धड बोलली नाही. मी सत्तरीला टेकल्यावर शेजारच्या मुलींना गणित शिकवायला लागले, अजून शिकवते. थोरला भाचा गेल्या साली गेला. सहाव्या दिवशी त्याची बायको बँकेत कामावर निघाली. अडवायला वडीलधारं माणूस म्हणून घरात मीच उरले होते, आणि मी तिचा डबा भरत होते.