ठमीची पाच अंडी

ठमी गेली तेव्हा तिच्या पोटाखालची पाच अंडी अजून कोमट होती. बारा दिवस ती खुडूक कोंबडी जागची हलली नव्हती, आणि तेराव्या दिवशी मुंगसाने डाव साधला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बाळं हातांवर झेललेल्या नर्सबाई त्या दिवशी एका कोंबडीपायी जेवल्या नाहीत.

"रडू नकोस गं. उरलेले नऊ दिवस मी बसतो अंड्यांवर," त्यांचे यजमान म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची.

बसले नाहीत, पण बाकी काही कमी केलं नाही. खोक्यात बल्ब लावला, वाटीत पाणी ठेवलं. प्रत्येक अंड्यावर एकीकडे फुली, दुसरीकडे गोल काढला आणि दिवसातून पाचदा, ठरल्या मिनिटाला, ती उलटवली. बायकोच्या जुन्या पिशवीतला ताप बघायचा थर्मामीटर न विचारता आत ठेवला. सकाळी साडेनव्व्याण्णव, संध्याकाळीही साडेनव्व्याण्णव! गडी खूश. नर्सबाई मात्र खोक्याकडे फिरकत नव्हत्या. पुन्हा जीव लावायची त्यांना भीती वाटत होती.

सतराव्या दिवशी घड्याळजी बाजारातून घड्याळांचे सुटे भाग घेऊन आले, तर बल्ब उडालेला.

"बल्ब गेला, पण ऊब कशी टिकलीय बघ!" त्यांनी थर्मामीटर नाचवला.

नर्सबाईंनी अंड्याला हात लावला. "अहो, झटकल्याशिवाय याचा पारा उतरतो का कधी? गार पडलीत ही!"

घड्याळजींचा चेहरा उतरला. एवढी सोपी गोष्ट, आणि अख्खं आयुष्य अचूकपणाच्या गप्पा मारण्यात गेलेलं. त्यांनी नवा बल्ब लावला.

तासाभराने नर्सबाईंनीच खिडक्या लावून घेतल्या आणि एका अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल शिरा होत्या. आणि एकदम काहीतरी हललं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास घ्यायचे विसरले. त्या पाय पसरता न येणाऱ्या खोलीत कोणीतरी कूस बदलत होतं.

त्या दिवसापासून नर्सबाईही खोक्याशी बसू लागल्या.

एकविसावा दिवस गेला. बाविसावाही गेला. नर्सबाईंनी पुन्हा ताट बाजूला सारलं. तेविसाव्या सकाळी घड्याळजींनी सवयीने एक अंडं कानाशी नेलं.

टक.

थोड्या वेळाने पुन्हा टक. त्यांनी हजारो घड्याळं ऐकली होती, पण प्रत्येकाला कोणीतरी चावी दिलेली असायची. याला कोणी दिली होती? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, ये लवकर!"

टरफलाला चीर गेली. घड्याळजींचा हात चिमट्याकडे गेला. नर्सबाईंनी तो दाबून धरला. "थांबा. त्याचं त्याला येऊ दे."

दुपार कलली तेव्हा एक ओलं, धापा टाकणारं पिल्लू नर्सबाईंच्या तळहाताला टेकलं. शेजारच्या अंड्यातूनही टकटक सुरू झाली होती.

"अहो, वेळ बघा, जन्मवेळ!" त्या जुन्या सवयीने ओरडल्या.

भिंतीवर वीस घड्याळं चालू होती. घड्याळजींना पिल्लावरून नजर काढून एकाही घड्याळाकडे बघवेना.