भाताचा नवस

रंभेनं भात सोडला त्याला दोन वर्षं होत आली होती. तळोज्याच्या कारखान्यात गॅसनं दयारामचा घसा भाजला, श्वासनळी आकसत गेली आणि शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. मग कुणीतरी पेपरात वाचून सांगितलं, परदेशात म्हणे नवी श्वासनळी वाढवून बसवतात. रंभेनं त्याच दिवशी एकवीरा आईपुढे हात जोडले. नवऱ्याला नवी श्वासनळी बसेस्तोवर भाताला शिवणार नाही! भातशेतीवर जगणाऱ्या आगऱ्यांची बाई, आणि भात सोडलेला! लग्नाकार्यात बायका तिच्या ताटातली भाकरी बघून तिच्या पाया पडत. रंभा लाजून खाली बघे. आतून मात्र सुखावे.

आज पनवेलच्या दवाखान्यात मुंबईच्या डॉक्टरीणबाई दोघांना समजावून सांगत होत्या. मेलेल्या माणसाची श्वासनळी घ्यायची, तिच्यातल्या पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेल्या सांगाड्यावर दयारामच्याच हाडातल्या पेशी वाढवायच्या.

"पण हा प्रयोग आहे, दयारामभाऊ. बाहेर झालेल्या ऑपरेशनांत माणसं गेलीयत. आत्ताच्या नळीवर तुम्ही वर्षानुवर्षं काढाल. मग हे कशाला करून घ्यायचंय?"

दयारामनं गळ्यातल्या नळीवर बोट दाबलं. तसं केलं की थोडा आवाज फुटे.

"हिला... भात खायचाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. तो हसला नाही.

"मस्करी नाय, बाई. हिची भाकरी बघून... मलापन भात उतरत नाय." तो थांबला, बोट काढून श्वास घेतला, पुन्हा दाबलं. "बसवा. मेलो तरी... हिचा नवस सुटंल."

रंभेची कानशिलं तापली. रोज दिवा लावून ती देवीकडे श्वासनळी मागत होती, आणि ज्या गळ्यासाठी मागायची तो कुणाचा, हे तिला सुचलंच नव्हतं.

"नको, नको! आमाला नाय करायचं," ती घाईनं म्हणाली.

"हे कोण म्हणतंय? तुम्ही, की ते?"

परत तेच केलं की आपण, त्यांना न विचारता! रंभेची मान वर होईना. नवऱ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "अवो, तुमाला काय वाटतं?"

"भ्या वाटतं, रंभे. जाम."

"कवापासून?"

दयारामनं पुन्हा नळीवर बोट दाबलं.

"तू नवस बोललीस... तवाधरनं."