उलटा काटा

वेंडल हॅगर्टीच्या बेडकांना अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका तळ्याकाठच्या चारही गावांत मान होता. खरे बेडूक नव्हेत हो, गळावर हरणाचे केस बांधून केलेले. चिमूटभर केस दोऱ्याने आवळायचे, ते फुलारून गळाभोवती उभे राहिले की बोटांनी मागे दाबायचे, पुढे आणखी चिमूट. असं करत गळ इतका ठासायचा की नख रुतू नये. मग दाढीच्या पात्याने तासून त्यातून कोंबडीच्या अंड्याएवढा बेडूक काढायचा. हरणाचा केस आतून पोकळ, म्हणून तो बुडत नाही. पाण्यावर डुबुक डुबुक करत येतो आणि बास मासा खालून तोंड वासून झेपावतो.

आता हे डोळे असलेल्या माणसाचं काम, आणि वेंडलचे डोळे गेलं वर्षभर अधू होत चालले होते. जिकडे बघावं नेमका तिथेच करडा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. बायकोला, लुवेनाला, याचा पत्ता नव्हता. लागू दिला नव्हता म्हणा ना! म्हातारा मोठा वस्ताद. सकाळी वर्तमानपत्र उघडून बसायचा, पानं उलटायचा, मध्येच ‘हं’ करायचा. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव निघालं की याचे गुडघे दुखायला लागायचे. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. एकदा त्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलो की गाडी गेली, तळं गेलं, बेडूक गेले, मग माणसाने करायचं काय, ओसरीत बसून माश्या हाकायच्या?

बोटांना मात्र सगळं पाठ होतं. केस किती घ्यायचे, दोरा कुठे ताणायचा, पातं कुठे वळवायचं, सगळं. गळाच्या टोकामागे एक बारीक उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. वेंडल तो केस बांधायच्या आधीच पकडीने दाबून सपाट करायचा. म्हणजे गळ माणसाला लागलाच तर आला तसा मागे निघतो. आधीच का, तर दाबताना एखादा गळ मोडतो, आणि बेडूक पुरा झाल्यावर गळ मोडला तर दिवसभराची मेहनत पाण्यात. दाबलेले गळ डाव्या डबीत, कोरे उजव्या. तंबाखूच्या डब्या, दोन्ही सारख्याच. तीस वर्षं तो न बघता डावीकडे हात घालत आला होता.

त्या संध्याकाळी दोघं होडीतून निघाली. लुवेनाने मक्याचा पाव आणि थंड चहा घेतला होता. ती मागे मोटरपाशी, तो पुढे. पाण्यात उभ्या सायप्रसच्या झाडांमध्ये तिने मोटर बंद केली आणि वेंडलने नवा हिरवा बेडूक फेकला.

बास माशाचा एक नियम आहे. खळ्ळ आवाज आला म्हणून गळाची काठी ओढायची नाही, दोरीला वजन लागू द्यायचं, मग ओढायचं. हे वेंडलनेच अर्ध्या गावाला शिकवलेलं. पण बेडूक दिसेनासा झाल्यापासून तो आवाजावरच जगत होता. खळ्ळ झालं, आणि याने सगळा जोर लावून काठी मागे खेचली. माशाने तोंड मिटलंच नव्हतं. बेडूक पाण्यातून सुटला आणि वेंडलच्या कानावरून सणसणत मागे गेला.

लुवेनाने चष्मा पुसायला काढला होता. ती ओरडली नाही. नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू म्हणाली, “वेंडल, माझ्या पापणीत आहे.”

तो धडपडत मागे आला, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि बघायला लागला. तिचा केसांचा अंबाडा दिसला, हनुवटी दिसली. डोळ्याकडे नजर नेली की डोळ्याच्या जागी करडा डाग. मान वाकडी केली, डाग तिकडे. बायकोच्या डोळ्यात गळ आहे आणि आपल्याला तो दिसत नाही, हे कळल्यावर त्याने होडीची कड घट्ट धरली.

चाचपडून त्याने दोरी शोधली आणि कापून टाकली, म्हणजे तिला हिसका बसू नये. तेवढं जमलं.

लुवेना म्हणाली की आता पटकन ओढून टाक. मागच्या उन्हाळ्यात तिच्या अंगठ्यात त्याचाच गळ घुसला होता, तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला होता. तो म्हणाला, डोळ्याजवळचा गळ घरी काढायचा नसतो, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, दवाखाना लांब आहे आणि डोळा जळतोय, उगाच बाऊ करू नकोस. आणि तिने स्वतःच हात वर नेला.

तेवढ्यात वेंडलला डब्या आठवल्या. रविवारी त्याने टेबलावरचे केस झाडले होते, तेव्हा दोन्ही डब्या उचलल्या होत्या. परत ठेवताना कुठली कुठे ठेवली? हिरवा बेडूक सोमवारी बांधलेला. त्याने तिचं मनगट पकडलं.

“ओढू नकोस. काटा दाबलेला नसेल.”

“नसेल म्हणजे? तू न दाबता बांधतोस कधी?”

“मला माहीत नाही, लुवेना. मला दिसत नाही. तो काटाही नाही आणि तुझा डोळाही नाही. वर्ष झालं.”

होडी नुसती डुलत राहिली. तिने हात खाली घेतला.

“मग मघाशी तळ्यापर्यंत गाडी कुणी चालवली रे?” ती म्हणाली.

“मीच.”

“अरे देवा,” लुवेना म्हणाली. मग तिने सांगितलं, चहाचा कागदी पेला दे. डोळ्यावर, बेडकासकट, तो उपडा धरला आणि दुसऱ्या हाताने मोटर चालू केली.

सूर्य झाडांत उतरत होता. त्या तळ्यात पाण्याखाली सायप्रसचे खुंट आहेत, दिवसाढवळ्या होडी फोडणारे. लुवेनाला एका डोळ्याने अंतर कळेना, जवळचं लांब वाटे, लांबचं जवळ. वेंडल पुढे पालथा पडून वल्ह्याने पाणी चाचपत होता. खुंट लागला की म्हणायचा, डावीकडे घे, सावकाश. एकदा त्याला चुकलाच. होडी धाडकन आदळली, मागून लुवेनाचं कण्हणं आलं, आणि तो क्षणभर मागे वळून विचारायलाच धजेना. पेल्यावर तिचा हात दाबला गेला असेल तर? तो मनातल्या मनात देवाला म्हणाला, माझे दोन्ही घे, आत्ता घे, तिचा राहू दे.

“डोळा आहे अजून,” मागून ती म्हणाली. “तू पुढे बघ.” मग स्वतःशीच पुटपुटली, “बघ म्हणे.”

धक्क्यावर आमिषाच्या दुकानवाल्या बर्नाडीनने दोघांना बघितलं आणि एक शब्द न विचारता आपली गाडी काढली. वाटभर वेंडल लुवेनाचं कोपर धरून होता. ती काही बोलत नव्हती आणि त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे ती रागात आहे की दुखण्यात, हेही त्याला कळायला मार्ग नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पापणी बधिर केली, गळाचं टोक पुढून बाहेर काढलं, ते कापलं आणि उरलेला गळ मागे सरकवला. बुबुळावर ओरखडा आहे, म्हणाली, भरून येईल. मग कापलेला तुकडा ताटलीत टाकून तिने सांगितलं की उलटा काटा शाबूत आहे. हा कुणी ओढला असता तर पापणी फाटली असती, आणि डोळ्याचीही खात्री नव्हती.

वेंडल भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. पट्टी बांधलेली लुवेना खुर्चीतून उठली, त्याच्या दंडाला धरून तिने त्याला त्याच खुर्चीत बसवलं.

“आता याचे डोळे बघा,” ती डॉक्टरणीला म्हणाली.

डॉक्टरणीने त्याच्यापुढे हात धरला आणि किती बोटं, म्हणून विचारलं. वर्षभर तो असल्या प्रश्नांना ठोकून देत आला होता. दोन म्हणावं, सहसा दोनच असतात. त्याने तोंड उघडलं. शेजारी लुवेनाने श्वास रोखला, तेही त्याला ऐकू आलं.

“दिसत नाहीत,” तो म्हणाला.

पापणीत गळ असताना जी बाई रडली नव्हती, ती तेव्हा रडली.