छातीभर पाणी

“एवढंच पाणी?” हौदात डोकावत चर्चचे म्हातारे पाळक म्हणाले. “अरे, उद्या चौघं उतरणार. त्यात तो ट्रकवाला, ताडमाड माणूस. त्याच्या कमरेला तरी लागेल का हे?”

प्लंबरने हौदाकडे पाहिलं तेव्हा कुठे त्याच्या ते लक्षात आलं.

बाप्तिस्म्याचा हौद भरायचं काम एकोणीस वर्षं त्याच्याकडे होतं. पद्धत ठरलेली. उतरणाऱ्यांत जो सगळ्यांत बुटका, त्याच्या छातीपर्यंत पाणी. उंचाला वाकता येतं, बुटक्याच्या नाकातोंडात जायला नको. बुटका कोण, हे तो दरवेळी विचारून घ्यायचा. या खेपेला विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांत बुटकी त्याच्याच घरात होती. सतरा वर्षांची झाली तरी बापाच्या खांद्याला लागत नव्हती. त्याने टेप लावून तिचं माप घेतलं तेव्हा ती खो खो हसली होती. “बाबा, शिंपी कधी झालात?”

तिचा बाप्तिस्मा महिन्यापूर्वीच व्हायचा होता. हौदाचा एक कोपरा झिरपत होता. पाळक म्हणाले, चालेल. पोरगी म्हणाली, चालेल. यालाच चालेना. माझी लेक उतरणार त्या दिवशी हौद गळका नको, म्हणून त्याने दोन रविवार पुढे ढकलले आणि सिमेंट निवांत वाळू दिलं. कामात कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, हा त्याचा बाणा. नसता बाणा! सिमेंट वाळलं त्याच आठवड्यात पोरीला ताप आला, आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं.

“हात तिच्याच मापावर थांबला, साहेब,” तो म्हणाला.

पाळक काठावर बसले.

“ती तशीच, बाप्तिस्म्यावाचून गेली. माझ्यामुळे. आता तिचं काय?”

“असं मनात आणू नकोस. तिनं प्रभूला केव्हाच हो म्हटलं होतं. ते पाण्यावर अडत नाही.”

“मग हे पाणी मी भरतो कशाला?”

“आपल्यासाठी. पाण्याखाली जायचं म्हणजे जुनं मरण, वर यायचं म्हणजे नवं जगणं. ते चार माणसांच्या डोळ्यांना दिसावं म्हणून.”

“मला मेलेलं दिसलं,” प्लंबर म्हणाला. “उठलेलं नाही दिसलं.”

पाणी वाढवायला त्याने नळाला हात घातला, तेव्हा पाळकांनी तो धरला. “राहू दे. आहे तेवढंच राहू दे.”

रविवारी ट्रकवाला पांढरा झगा घालून पायऱ्या उतरला. पाणी कमरेच्या खालीच राहिलं. त्याने बावरून पाळकांकडे पाहिलं. “गुडघे टेक,” ते हलकेच म्हणाले. तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसला तेव्हा कुठे पाणी त्याच्या छातीला आलं. मागून तिघंही तसेच बसले. पाणी कमी का, असं कुणीही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

उपासना संपली, माणसं पांगली. ओले झगे पिळून झाल्यावर प्लंबरची बायको म्हणाली, “बूच काढा आता. घरी जाऊ.”

“काढतो,” म्हणत तो कपड्यांनिशी हौदात उतरला. वाकून त्याने तळाचं बूच चाचपलं. ते हाताला लागलं, पण ओढवेना. हे पाणी गेलं की तिच्या मापाचं पाणी पुन्हा कधी भरायचं नव्हतं. तो हळूहळू गुडघ्यांवर बसला. पाणी छातीपर्यंत आलं, आणि इतके दिवस दाबून धरलेलं त्याचं रडं फुटलं.

बायकोने हातातले झगे खाली ठेवले आणि ती काठावर बसून राहिली. तिनं पुन्हा घाई केली नाही.